किती चालतं?

प्रत्येक कारखान्यात असा एक माणूस असतो, की ज्याच्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही आणि ज्याला वगळल्याशिवाय सहल ठरत नाही. सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हा मान मायक्रॉनरावांचा. त्यांचं खरं नाव मस्टरवर, पीएफच्या स्लिपवर आणि बायकोच्या उखाण्यात अशा तीनच ठिकाणी वापरात आहे. बाकी वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना मायक्रॉनरावच म्हणतात. मालक फक्त त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणतात.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७०-८० मायक्रॉनच्या घरातला. इतर लोक शब्दाचा कीस काढतात, मायक्रॉनराव केसाचा काढतात. हुद्दा क्वालिटीतला, म्हणजे कारखान्याच्या भाषेत क्यूसी. अंगाने किडकिडीत, बोलणं हळू, आणि खिशात कायम निळं पेन. नोंद चुकली तर खोडरबर नाही, गिरवागिरवी नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि बाजूला सही व तारीख. हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. पण सिडकोतल्या त्यांच्या वाण्याने मला एकदा त्यांची किराणा यादी दाखवली. तीत 'साखर ३ किलो' एका रेघेने खोडून '२ किलो' केलं होतं, आणि शेजारी सही व तारीख होती. साक्षीदार म्हणून खाली वहिनींचीही सही होती.

आम्ही सलाईनच्या आणि डायलिसिसच्या नळ्या करतो. मी स्टोअर्सला असल्यामुळे माझा संबंध दाण्यांच्या पोत्यांशी आणि होल्डची लाल चिठ्ठी लावलेल्या मालाशी. त्यामुळे मायक्रॉनरावांशी माझी गाठ रोजची. काम पाहायला सोपं आहे. पीव्हीसीचे दाणे हॉपरमध्ये पडतात, तापलेल्या बॅरलमधला स्क्रू त्यांना वितळवत पुढे रेटतो आणि डायच्या तोंडातून गरम नळी बाहेर येते. पोटात हवा असते म्हणून ती चपटी होत नाही. पाण्याच्या टाकीतून जाताना ती थंड होते आणि शेवटी पुलरचे पट्टे तिला ओढून घेतात. पुलर जोरात ओढला की नळी बारीक, सावकाश ओढला की जाड. एवढंच. आणि या 'एवढंच'वर मायक्रॉनरावांची सगळी नोकरी गेली.

कारण नळी मऊ. व्हर्नियरच्या जबड्यात धरली की ती माप देत नाही, शरण येते. म्हणून तिला हात न लावता मोजायचं. लाईनवर लेझरचा गेज बसवलेला आहे. प्रकाशाचा झोत नळीवरून सेकंदाला शेकडो वेळा फिरतो आणि पडलेल्या सावलीवरून व्यास कळतो. तोही दोन बाजूंनी, आडवा आणि उभा, नाहीतर नळी अंडाकृती झालेली कळणार नाही. पाण्यात अल्ट्रासॉनिकचा गेज आहे. आवाज नळीच्या बाहेरच्या कडेवर आपटून एकदा परततो, आतल्या कडेवर आपटून पुन्हा एकदा, आणि मधल्या वेळावरून भिंतीची जाडी निघते. पाण्याचं तापमान बदललं की आवाजाचा वेग बदलतो, म्हणून मायक्रॉनराव टाकीतल्या पाण्याचाही ताप बघतात. तापाच्या माणसाचा बघतात तसा, दर तासाला.

आता आमच्या कारखान्याचं खरं इंधन वीज नसून 'चालतं' आहे. "नळीवर हलकी रेघ आलीय." "चालतं." "काळा ठिपका दिसतोय." "एखादा चालतो." प्रॉडक्शनचे साहेब तर सकाळी गेटातून आत येतानाच चालतं म्हणत येतात. या सगळ्यावर मायक्रॉनरावांचा एकच प्रश्न असतो, "किती चालतं?" त्यात खोच नसते. पेन उघडून, वही उलगडून ते खरोखरच उत्तराची वाट बघत उभे राहतात. आणि आजवर कोणालाही याचं उत्तर चटकन देता आलेलं नाही.

एकदा मालाची गाडी दारात उभी होती, गिऱ्हाईकाचा फोन चालू होता, आणि लेझरचा आकडा दिसत होता ४.१५४. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास ४.१० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५. म्हणजे ४.१५ ला दार बंद.

"अहो, शेवटचा आकडा पुसा ना," प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "चार पॉइंट एक पाच. बसलं की नाही?"

"तुमच्या पगारातला शेवटचा आकडा पुसू का?" मायक्रॉनराव म्हणाले. "तोही शेवटचाच आहे."

गाडी रिकामी गेली. साहेब दोन दिवस कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसले.

त्यांचं काम जवळून बघायचं असेल तर प्रोफाइल प्रोजेक्टरशी बघावं. नळीची चकती कापायची ती नव्या ब्लेडने, एका फटक्यात. कुरतडत कापली तर कड उचलते आणि पडद्यावर ती कडच जाडी म्हणून दिसते. पहिली चकती ते टाकूनच देतात, का ते विचारलं तर म्हणतात, "ती ब्लेडची असते, दुसरी नळीची." मग चिमट्याने ती चकती काचेवर ठेवायची. वीसपट मोठी होऊन चार मिलिमीटरची नळी पडद्यावर बशीएवढी दिसायला लागते. घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी भिंत मोजायची. एकदा आकडे आले ०.६३, ०.५५, ०.४७, ०.५५.

"सरासरी पंचावन्न," साहेबांनी तोंडी हिशोब केला. "ड्रॉइंगवर पंचावन्नच आहे. बाहेरचा व्यास बरोबर, आतला बरोबर, सरासरी बरोबर. अजून काय पाहिजे?"

"साहेब, नळी सरासरीने फुटत नाही. पातळ बाजूने फुटते."

मग ऑपरेटरला बोलावणं गेलं. डायला चार बाजूंनी बोल्ट असतात, त्यांनी ती मधोमध आणायची. समोरचा बोल्ट आधी ढिला करायचा, मगच हा आवळायचा, तोही जेमतेम जाणवेल इतका. मग नळी टाकी ओलांडून येईपर्यंत थांबायचं, चकती कापायची, मोजायची, पुन्हा बोल्ट. दोन तास गेले. मायक्रॉनराव पूर्ण वेळ शेजारी उभे होते आणि एका शब्दानेही ऑपरेटरला घाई करत नव्हते. घाई करायला साहेब होतेच.

साहेबांचा मुद्दा अगदीच पोकळ नसतो, हेही सांगायला हवं. एकदा ते वैतागून म्हणाले, "अहो, दवाखान्यात सिस्टर चाक फिरवून थेंब कमी-जास्त करते. शेवटी सुई एवढीशी. मग नळी जरा इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं?"

"सलाईनपुरतं खरं आहे," मायक्रॉनराव लगेच म्हणाले. समोरच्याचं बरोबर असलं की ते ताबडतोब मान्य करतात आणि त्यामुळेच जास्त राग येतो. "पण डायलिसिसच्या पंपाचं काय? त्याचे रोलर नळी दाबत दाबत रक्त पुढे ढकलतात. पंप फेऱ्या मोजतो, नळी मोजत नाही. नळीचा आतला व्यास ५ टक्के कमी भरला तर दर फेरीला जवळजवळ १० टक्के रक्त कमी जाणार, आणि पडद्यावरचा आकडा मात्र पुरेपूर. बारीक कॅथेटर असेल तर विचारूच नका. प्वाझ्यू नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या दशकातच दाखवून दिलंय, प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. तिथे व्यास ५ टक्के घटला की प्रवाह साडेअठरा टक्के घटला."

"आपण कॅथेटर करत नाही."

"म्हणून तर मला रात्री झोप लागते."

नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी मापांची ओळख करून देतात, तेव्हा कॅथेटरही येतोच. कॅथेटरचा नंबर फ्रेंचमध्ये. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शारिएर नावाचे शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे कारागीर होते, त्यांची ही मोजपट्टी. नंबराला तीनने भागलं की मिलिमीटर, म्हणजे १२ फ्रेंचची नळी ४ मिलिमीटरची. नंबर मोठा तर नळी जाड. आणि सुईचा गेज नेमका उलटा, नंबर मोठा तर सुई बारीक. हिरव्या टोपणाची १८ नंबरची सुई जाड आणि पिवळ्या टोपणाची २४ नंबरची लहान मुलांच्या शिरेसाठी. एकाच खाटेवर, एकाच पेशंटच्या अंगात एक नंबर चढता आणि एक उतरता. पोरं विचारतात, असं का? मायक्रॉनराव सांगतात, "दोन डिपार्टमेंटनी एकमेकांना विचारलं नाही."

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, की हा माणूस स्वतःच्या आकड्यावर प्राण ठेवून असणार. तसं अजिबात नाही. मायक्रॉनरावांचा जगात सर्वांत कमी विश्वास कशावर असेल तर तो मापावर. मोजायच्या प्रत्येक हत्यारावर कॅलिब्रेशनचं स्टिकर, त्यावर पुढच्या तारखेचा शिक्का. तारीख उलटलेला गेज त्यांच्या टेबलावर कोणी ठेवला, तर कावळा शिवल्यासारखे ते दोन पावलं मागे सरकतात. पोलादी स्लिप गेजला ते उघडं बोट लावत नाहीत. १०० मिलिमीटरचा गेज १ अंशाने तापला की मायक्रॉनभर वाढतो, आणि बोट तर ताप घेऊनच येतं. लांबी २० अंश सेल्सिअसलाच मोजायची, असं जगाने १९३१ साली ठरवलं, म्हणून त्यांची खोली बारा महिने २० अंशांवर. एप्रिल-मे महिन्यात साऱ्या कारखान्याला क्वालिटीविषयी अचानक गंभीर शंका येऊ लागतात आणि सगळे त्या विचारायला त्यांच्या खोलीत जाऊन बसतात.

मागे त्यांनी माणसांचीच परीक्षा घेतली. तीन जण, दहा तुकडे, प्रत्येकाने प्रत्येक तुकडा तीनदा मोजायचा, म्हणजे नव्वद आकडे. कोण किती चुकतो आणि हत्यार किती चुकतं ते त्यातून वेगळं निघतं. निकाल लागला, तेव्हा भिंतीचं माप घेताना सर्वांत जास्त चुकणारा हात मायक्रॉनरावांचाच निघाला. त्यांनी तो कागद स्वतः नोटीस बोर्डावर लावला आणि खाली लिहिलं, 'पुढील प्रशिक्षण होईपर्यंत हे माप मी घेणार नाही.' खाली सही व तारीख. साहेबांनी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये जिलेबी वाटली. मायक्रॉनरावांनीही घेतली.

इथे त्यांचं खरं बिंग फुटतं. माप चुकलं म्हणून ते कधी कोणावर चिडत नाहीत. चुकणारच, असं ते धरूनच चालतात. सगळंच थोडं चुकतं, म्हणून तर अधिक-उणे लिहायची पद्धत पडली. ते चिडतात ते न चुकणाऱ्यावर.

रात्रपाळीला एक हुशार मुलगा होता. दर अर्ध्या तासाला लेझरवरचा आकडा वहीत उतरवायचं काम. सकाळी वही आली ती मोत्यासारख्या अक्षरात. सोळाच्या सोळा नोंदी ४.१०. वही बघून साहेब खूष झाले. मायक्रॉनरावांनी त्या मुलाला समोर बसवलं आणि इतक्या मऊ आवाजात बोलायला लागले, की आम्ही शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तरी ऐकू आलंच.

"पहाटे चारला टाकीचं पाणी गार पडतं. पुलरचा पट्टा तापतो. मध्ये दाण्याचं नवीन पोतं लागतं. तुला झोप येते. आणि नळीला काहीच होत नाही? अरे, ४.०८ लिहिलं असतंस, ४.१३ लिहिलं असतंस, तर मी डोळे झाकून सही केली असती!"

त्याच महिन्यात दुसरा एक पोरगा लाईन बंद करून, मान खाली घालून त्यांच्यासमोर आला. "काका, ४.१७ गेलं. डोळा लागला होता."

"कधीपासून?"

"सव्वातीनला बघितलं तेव्हा ठीक होतं. उठलो तेव्हा पावणेचार."

मायक्रॉनरावांनी सव्वातीन ते पावणेचारची सगळी नळी बाजूला काढायला लावली, लाल चिठ्ठी स्वतः लिहिली आणि त्या पोराला चहा पाजला. वर स्पेशल. साहेबांनी मला विचारलं, "माल घालवणाऱ्याला चहा, आणि न घालवणाऱ्याची शाळा? हा कुठला न्याय?" मी म्हटलं, मी स्टोअर्समध्ये आहे.

घरच्या समारंभांत त्यांचा हा गुण फार बोचतो. पिंपळगाव बसवंतला त्यांच्या मेव्हण्यांची द्राक्षबाग आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाचा मणी किती मिलिमीटरचा हे बघावं लागतं, म्हणून मेव्हणे मोठ्या ऐटीत प्लॅस्टिकचा व्हर्नियर घेऊन मणी मोजून दाखवत होते. "बघा दाजी, अठरा!"

"दाबू नका हो त्याला," मायक्रॉनराव कळवळून म्हणाले. "हा व्यास नाही, ही त्याची सहनशक्ती झाली." मग त्यांनी मणी नुसता जबड्याला टेकेल इतपतच कसा धरायचा ते शिकवलं. एकच मणी तीन बाजूंनी मोजायला लावला. सकाळचं माप आणि दुपारचं माप वेगळं ठेवायला सांगितलं. जेवायला बसेपर्यंत अर्धा घड मोजून झाला होता आणि मेव्हण्यांचा द्राक्षावरचा विश्वास उडाला होता.

पण मुलीच्या लग्नाची बोलणी झाली, तेव्हा मात्र मंडळी चकित झाली. मुलाकडच्या आत्याबाई यादी घेऊन बसल्या होत्या. उंची अमुक, पगार तमुक, शिक्षण, गुण, फ्लॅटचे चौरस फूट. मायक्रॉनराव शांतपणे ऐकत होते. आम्हाला वाटलं, आता हे मुलाला प्रोजेक्टरवर ठेवणार. मुलाची उंची पाच फूट आठ, असं आत्याबाईंनी सांगितलं.

"सकाळची की संध्याकाळची?" त्यांनी विचारलं. "दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर खचतो."

सगळे गप्प. मग ते म्हणाले, "नाही, मला चालेल दोन्ही. मी एवढंच म्हणतो, की या यादीत अधिक-उणे कुठे दिसत नाही. आमची मुलगी सकाळी आठच्या आधी कोणाशी बोलत नाही. तिच्या हातचं वरण एका दिवशी पातळ होतं, एका दिवशी घट्ट. हे आधीच लिहून घ्या. तुमच्याकडचंही सांगा, मी लिहून घेतो." त्यांनी पेन उघडलं. मुलाने घाबरत घाबरत सांगितलं, की तो घोरतो. "किती?" मायक्रॉनरावांनी विचारलं, आणि लग्न ठरलं.

गेल्या पावसाळ्यात मायक्रॉनरावांना डेंग्यू झाला. मी भेटायला गेलो, तर हाताला सलाईन आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. ते थेंब मोजत होते.

"सिस्टर, डॉक्टरांनी मिनिटाला वीस सांगितले ना? बावीस पडतायत."

"चालतं काका," सिस्टर चार्ट लिहिता लिहिता म्हणाल्या.

मी खुर्ची जरा मागे घेतली.

"किती चालतं?"

"अठरा ते बावीस. त्याच्या वर गेलं तर मी येऊन चाक फिरवते. वीस थेंबांचा एक मिली, म्हणजे बाटलीला किती वेळ लागणार ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. आणि तुम्ही तो हात सारखा वर करू नका. हात हलला की थेंब बदलतात."

मायक्रॉनराव स्तब्ध झाले. खालची मर्यादा, वरची मर्यादा, मर्यादा ओलांडली तर काय करायचं ते, शिवाय चुकीचं कारणही. इतकी वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली, ते ताप १०२ असताना मिळालं. त्यांनी हात खाली ठेवला तो सुट्टी मिळेपर्यंत. मला हळूच म्हणाले, "आपल्याकडे क्यूसीत एक जागा रिकामी आहे ना?"

संध्याकाळी प्रॉडक्शनचे साहेब शहाळं घेऊन आले. विचारपूस झाली, पावसावर बोलणं झालं. मग सवयीने त्यांची नजर नळीवर गेली. स्टॅंडला सेटचं फाडलेलं पाकीट अडकवलेलं होतं. साहेबांनी ते उलटंपालटं करून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे तर आपलं गिऱ्हाईक. म्हणजे नळी आपली?"

"बहुतेक," मायक्रॉनराव म्हणाले.

साहेबांनी बॅच नंबर दोनदा वाचला. चेहऱ्यावरून कळत होतं, की कुठल्या महिन्यात आपण कोणत्या मालावर 'चालतं, सोडून द्या' म्हणालो होतो, ते आठवायचा प्रयत्न चाललाय. नळी मायक्रॉनरावांच्या हातापर्यंत जात होती, तिच्याकडे ते बघवत नाही असे बघत होते.

"अहो... यातला एखादा लॉट आपण तसा... म्हणजे मी सांगितलं म्हणून..."

"घाबरू नका साहेब," मायक्रॉनराव म्हणाले. "तुम्ही सांगितलं म्हणून मी आजवर एकही लॉट सोडलेला नाही."

साहेबांनी मोठा निःश्वास टाकला आणि शहाळ्यात स्ट्रॉ घातली. कारखान्यात आपलं कोणी ऐकत नाही, याचं इतकं समाधान वाटलेला दुसरा मॅनेजर माझ्या पाहण्यात नाही.